बाबांच्या चेहऱ्यावरचा पडदा

(दार लोटल्याचा आवाज)

उकडलेली अंडी चार, सफरचंदं दोन, मीठ कागदाच्या पुडीत.

गाडी वळणावर आली की हेडसेटमधले पडदे डब्याबाहेर निघून जातात. आधी मधला, मग उजवीकडचा. भिंतीतून आरपार, तारांवरून, झाडांवरून. ते टाळायचं तर सेटिंगमध्ये जाऊन 'प्रवास' निवडावं लागतं.

दहा किलोचं वजन काट्याच्या मधोमध ठेवून काही कळत नाही. चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं असतं.

दादाचा निरोप: ठरलंय ना? मग आता बाबांना परत विचारत बसू नकोस. विचारलं की ते नाहीच म्हणतात.

(लांबून कुत्रं भुंकतं)

बाबांची दुकानातली भागीदारी मोडून अठरा वर्षं झाली, तरी त्या माणसाचं नाव आमच्या घरात भागीदारच राहिलं.

"मान हलवलीस की तू."

*

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी मालिकांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहिते. कोण काय बोललं ते लिहायचंच, पण न बोललेलंही लिहायचं. दार कसं लागलं, कुत्रं कुठे भुंकलं, पावलं जवळ आली की लांब गेली. हे सगळं कंसात. आणि चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ काहीच ऐकू येत नसेल, तर तेही: (कोणीच बोलत नाही). नाहीतर बघणाऱ्याला वाटतं, ओळी बंद पडल्या.

या कामाला तीन पडदे लागतात. एकावर चित्र, एकावर आवाजाची लाट, एकावर ओळींची यादी. घरी माझ्या कामाच्या खोलीत तीन मॉनिटर होते. 'होते' म्हणते, कारण गेल्या आठवड्यात ते खोक्यांत भरून पलंगाखाली सरकवले. ती खोली आता बाबांची होणार होती. मॉनिटरांच्या जागी हेडसेट.

हेडसेट म्हणजे पोहण्याच्या चष्म्याहून मोठा आणि हेल्मेटहून लहान असा एक प्रकार. डोळ्यांवर चढवला की समोरची खोली दिसत राहते, आणि त्या खोलीत हवे तिथे हवे तेवढे पडदे टांगता येतात. हवेत चिमटीत धरायचे, ओढायचे, सोडायचे. कडेला एक गोल कळ असते. ती फिरवत नेली की खोली हळूहळू विझते आणि पडदे तेवढे उरतात. मी ती शेवटपर्यंत फिरवते. मला काम करताना खोली लागत नाही.

एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. वाक्य नेमकं कुठे सुरू होतं ती जागा मी चिमटी मारून नोंदवते, आणि चिमटी मारताना माझी मान हलते. थोडीशीच, खाली. गाण्याला ठेका धरावा तशी. वाक्यामागे एकदा. एका भागात सहाशे-सातशे वेळा. ऑफिसात मला 'होयबा' म्हणतात.

*

बाबांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. औषधाच्या दुकानातले बोटभर काटे, भाजीबाजारातले तोलकाटे, पोस्टातले, भंगारवाल्यांचे. आई गेल्यावर दोन वर्षं ते एकटे राहिले. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडले. गुडघा सुजला, बाकी काही नाही. पण दादा परदेशात, मी पाच तासांवर. आम्ही दोघं फोनवर बसलो आणि ठरवलं, बाबांना माझ्याकडे आणायचं.

"त्यांना विचारलंस?" दादा म्हणाला.

"सांगितलं."

"मग?"

"बरं म्हणाले."

बाबा सगळ्यालाच 'बरं' म्हणतात. आई म्हणायची, यांच्या पोटातलं काढायला पक्कड लागते.

*

गाडी सव्वानऊची. समोरासमोर दोन सीट, मध्ये घडीचं टेबल. बाबा मुद्दाम उलट्या दिशेच्या सीटवर बसले, म्हणजे मला मळमळायला नको. वरच्या फळीवर त्यांची कपड्यांची बॅग. पायाशी एक पत्र्याची पेटी, आकारानं छोटी आणि वजनाला अशी की ती डब्यात चढवताना माझ्या खांद्यातून कळ आली.

"काय आहे यात, विटा?"

"हत्यारं."

"माझ्याकडे काय दुरुस्त करणार आहात?"

"बघू," बाबा म्हणाले.

पलीकडच्या सीटवर एक बाई लोकरीचं काहीतरी विणत बसली होती. हिरवं, लांबच लांब, मफलर असावा. आमच्या शेजारी बसूनही ती इतकी स्वतःत होती की मला बरं वाटलं.

मी हेडसेट काढला तसे बाबा पुढे झुकले.

"हे काय, वेल्डिंगचा चष्मा?"

"माझं ऑफिस. घालून बघता?"

त्यांनी घातला. पट्टा मागून मी आवळला. मान इकडून तिकडे फिरवली, स्वतःचे हात बघितले, मला बघितलं.

"अरे, सगळं दिसतंय की! तूही दिसतेस. मला वाटलं आत अंधार असेल."

"मग!"

"आणि कॉम्प्युटर कुठंय?"

"हवेत टांगायचा. तुम्हाला नाही जमणार, द्या इकडे."

कळेचं त्यांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. चार वाजता मालिकेचा शेवटचा भाग पाठवायचा होता, आणि बाबांना एक गोष्ट सांगितली की ती उघडून आतले स्क्रू दाखवावे लागतात.

मान ताठ राहील अशी मधल्या पडद्याची जागा एकच होती: समोर, डोळ्यांच्या रेषेत. म्हणजे समोरच्या सीटवर. म्हणजे बाबांच्या चेहऱ्यावर. थोडा उजवीकडे, खिडकीवर ठेवता आला असता. मग मान तिरकी राहते आणि संध्याकाळी दुखते. मी तो चिमटीत धरून त्यांच्या चेहऱ्यावर आणला आणि सोडला. आधी नाक-डोळे गेले, मग खांदे. वर थोडे पांढरे केस राहिले होते. पडदा मोठा केला, केसही गेले.

कानांत इअरफोनचे बोळे, वरून माझे केस मोकळे. कळ शेवटपर्यंत.

जाता जाता बाबांचं एक वाक्य ऐकू आलं. "हवेत मीठ टाकतेयस का गं?" माझ्या चिमट्यांना उद्देशून. मी हसले. ते हसणं त्यांना दिसलं असणार, हेडसेट तोंड झाकत नाही.

*

बारा वाजून दहा मिनिटांनी बॅटरी संपली. पडदे विझले आणि डबा परत आला. समोरची सीट रिकामी होती.

संडासला गेले असतील म्हणून मी खाण्याचा डबा उघडला. अंडी दोनच होती. टरफलं कागदात नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. मी एक अंडं खाल्लं. बाबा आले नाहीत. उठून संडासाशी गेले. दार उघडं, आत कोणी नाही. पुढच्या डब्यात बघितलं. मागच्या डब्यात बघितलं. परत आले तेव्हा पायाशी काहीतरी कमी आहे हे लक्षात आलं. पेटी नव्हती. बॅग फळीवर होती.

"अहो, इथे माझे वडील बसले होते," मी लोकरवाल्या बाईला विचारलं, "कुठे गेले, पाहिलंत?"

"कुठे म्हणजे? उतरले की."

"उतरले?"

सुया थांबल्या. "मघाशी जंक्शनला. तुम्हाला सांगूनच उतरले, अहो. मीच नाही का त्यांची पेटी दारापर्यंत दिली? काय ती पेटी! माझं मनगट गेलं."

मी फळीवरच्या बॅगेकडे बघत राहिले. बाईला वाटलं, मला वाईट वाटतंय. ती सरकून कडेला आली.

"एक सांगू? बाहेरच्या माणसानं बोलू नये, पण सांगते. असं ऐकून घेणारी मुलगी मी पाहिली नाही. तासभर बोलत होते ते. तिकीट तपासून माणूस गेला आणि त्यांनी सुरुवात केली. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत. नजर हलवली नाहीत. नुसती मान हलवत होतात. माझ्या मुलीला मी 'ऐक गं' म्हटलं की 'पटकन बोल' म्हणते."

"तुम्ही... ऐकलंत?"

"कान देऊन नाही हो ऐकलं. पण हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचं कानावर पडतंच. मी दोनदा टाके चुकले." तिनं हिरवं विणकाम उलगडून दाखवलं, खरंच एका जागी वीण विस्कटली होती. "शेवटी म्हणाले, मी इथे उतरलो तर चालेल का गं? तुम्ही मान हलवलीत. त्यांनी परत विचारलं. परत हलवलीत. दोनदा विचारलं त्यांनी. पक्क्या कामाचा माणूस."

"मग?"

"मग उभे राहिले थोडा वेळ तुमच्यासमोर. आणि गेले. बाकी सगळं तुम्हाला माहीतच आहे."

इथे मी विचारायला हवं होतं. 'नाही हो, मला काहीच माहीत नाही, काय म्हणाले ते?' एवढंच वाक्य होतं. पण मघाशी जी बाई माझं इतकं कौतुक करत होती, तिच्याकडे बघून ते तोंडातून निघेना. मी मान हलवली.

*

फोन.

"हां, पोचलो," बाबा म्हणाले. मागे कसला तरी पत्रा ठोकल्याचा आवाज. "भागीदार आला होता घ्यायला. तू जेवलीस का?"

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"उतरलात काय मध्येच!"

"मान हलवलीस की तू."

पत्र्याचा आवाज थांबला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "भिंगरे, घसा बसलाय माझा. इतकं कधी बोललोय मी? भागीदारानं गरम पाणी दिलंय, ते पितो. ठेवू?"

भिंगरी म्हणजे मी. लहानपणी एका जागी बसायचे नाही म्हणून. गेल्या वीस वर्षांत त्यांनी मला या नावानं हाक मारली नव्हती.

*

माझ्या कामाच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ लिहिल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. लॅपटॉप उघडून मी ती नोंद काढली. बाबा बोलत होते तेव्हा मी काय लिहीत होते, ते मिनिटामिनिटानं त्यात होतं.

१०:०४. (किल्ली फिरवल्याचा आवाज)
बाबांनी सुरुवात केली असेल.

१०:११. "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत आणि मला नुसतं कळवलंत, हे काही बरोबर केलं नाहीत."
मालिकेतल्या काकांचं वाक्य. एका ओळीत मावत नव्हतं, दोन तुकडे केले. 'ठरवलंत'नंतर तोडलं.

१०:१९. (भांडं पडतं)
मग 'भांडं' खोडून 'ताटली' केलं. 'स्टीलची ताटली' लिहावं का यावर दोन मिनिटं गेली.

१०:२६ ते १०:३३. एकही नवी ओळ नाही. मी एकच जागा पुन्हा पुन्हा ऐकत होते. नायिकेची पाठ दिसते आणि तिच्या तोंडून काहीतरी निघतं. ती हसते की रडते ते कळत नव्हतं. आवाज वाढवला. डोळे बारीक करून लाटेकडे बघितलं. सात मिनिटं मी समोर, नेमकं बाबांच्या तोंडाकडे, श्वास धरून बघत होते.

१०:४१. (ती हसते)

१०:४४. (ती रडते)
बदललं.

१०:५८. (कोणीच बोलत नाही)

११:०६. लागोपाठ चार ओळी, चार चिमट्या. त्यांतल्या कुठल्यातरी दोन बाबांना मिळाल्या.

११:०८. काही नाही. गाडी थांबल्याचं जाणवलं होतं मला. 'प्रवास' चालू असला तरी गाडी थांबताना पडदे किंचित डोलतात. मधला पडदा मी दोन बोटांनी धरून सरळ केला.

*

पुढच्या स्टेशनवर उतरले. बाबांची बॅग, माझी बॅग, डब्यात एक अंडं आणि दोन सफरचंदं. लोकरवाली बाई खिडकीतून म्हणाली, "जा, जा, बॅग देऊन या त्यांची. गरम कपडे असतील त्यात." गाडी सुटेपर्यंत ती हात हलवत होती, हातात सुया तशाच.

उलट दिशेची गाडी वीस मिनिटांनी होती. ऑफिसला कळवलं: आज चारला जमणार नाही. उत्तर आलं: 'होयबा नाही म्हणतेय? तब्येत बरी आहे ना?'

दादाचाही निरोप होता. 'पोचलात?'

'अजून नाही,' मी लिहिलं. एवढं तरी खरं होतं.

गाडीत मी काही उघडलं नाही. मनात वाक्यं जुळवत होते. बाबा, माझं चुकलं, मला ऐकूच आलं नव्हतं. बाबा, ती मान तुमच्यासाठी नव्हती. बाबा, चला घरी. तीन वाक्यं. पहिलं नीट म्हणता आलं की पुढची दोन आपसूक आली असती.

*

भागीदारांचं दुकान स्टेशनच्या मागच्याच रस्त्यावर होतं. शटर अर्धं वर. आत भिंतीला काटेच काटे टांगलेले: गोल तबकड्यांचे, दांडीचे, नव्या आकडेवाल्या काट्यांच्या रिकाम्या डब्या. तेलाचा आणि जळक्या सोल्डरचा वास. लहानपणी बाबांच्या शर्टाला यायचा तोच.

"या बाईसाहेब!" भागीदार ओरडले. पोट पुढे, चष्मा कपाळावर. "वडील चोरले म्हणून पोलीस आणलेत का बरोबर?"

"काका, तुम्ही तरी मला फोन करायचात."

"मी? मला काय माहीत, येणार की नाही! सकाळी एवढंच म्हणाले, स्टेशनवर उभा राहा, पोरगी हो म्हणाली तर उतरतो, नाही म्हणाली तर हात करून पुढे जातो. मी फलाटावर उभा, हात वर होतोय की पाय खाली येतोय बघत! चार मिनिटं थांबते गाडी. साडेतीन झाली तरी दार रिकामं. मी म्हटलं गेलं." ते हसले. "बाप आतच आहे, जा. पण आधी हे बघून घ्या."

त्यांनी मला दुकानामागच्या खोलीत नेलं. तळमजला, उंबराही नाही. दोन खाटा. एकीवरच्या चादरीला दुकानातल्या घड्या अजून तशाच होत्या. न्हाणीघराच्या भिंतीला जाड लोखंडी दांडी बसवलेली.

"दीडशे किलो भार घेते," भागीदार म्हणाले. "नुसतं तोंडी नाही सांगत, मी स्वतः लोंबकळून पाहिलंय. माझं हृदय अर्धं गेलंय, याचा गुडघा गेलाय. दोघं मिळून एक धड माणूस होतो."

*

बाबा मागच्या बाकड्यावर बसले होते. पुढ्यात फळवाल्याचा तोलकाटा, आतली भार पेलणारी पट्टी काढून परत बसवलेली. बाजूला पत्र्याची पेटी, कुलूप लावलेली.

"आलीस? बस. नको, उभी राहा. तुझे डोळे चांगले आहेत, आकडा वाच."

त्यांनी दहा किलोचं पितळी वजन उचललं, श्वास रोखून अलगद पुढच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं.

"दहा," मी वाचलं.

"बॅग कशाला आणलीस? पुढच्या आठवड्यात आणली असती तरी चाललं असतं."

"बाबा, मी सांगायला आलेय की—"

"थांब." वजन उजव्या कोपऱ्यात. "वाच."

"दहा."

"सांग आता."

मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळपासून मी त्यांच्याकडे बघतच होते म्हणायचं, पण आता बघितलं. दाढी केली होती. गालावर एक बारीक चीर होती, पाती लागल्याची. कधी लागली? निघायच्या आधीच असणार. घरात, टॅक्सीत, फलाटावर ती तिथे होती.

"मी नाही म्हणाले असते तर?" मी विचारलं.

"तर आलो असतो तुझ्याकडे. त्यात काय!" त्यांनी वजनावरचा हात काढला नाही. "खरं सांगू? मला वाटलं होतं, नाहीच म्हणशील. दादानं पढवलेली तू. म्हणून सगळं आधी सांगून टाकलं. म्हटलं, सगळं ऐकूनही नाही म्हणाली तर निमूट जायचं. पण तू ऐकलंस. तुझ्या आईनंसुद्धा मला इतका वेळ कधी बोलू दिलं नाही, बिचारीला कामं असायची."

"आणि समजा, आता नाही म्हणाले तर?"

हा प्रश्न मी हळू विचारला. बाबांनी वजन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, पेटीकडे बघितलं.

"मनापासून नव्हतं का ते? तसं असेल तर आत्ता सांग. पेटी उघडलेली नाही मी अजून. म्हटलं, तुझा फोन आला तेव्हा आवाज जरा वेगळा होता. पाच दहाची गाडी आहे. नाराज होऊन हो म्हणालीस असं मला नको. एक शब्द बोलणार नाही, तुझ्या मागून चालायला लागेन."

आणि ते खरंच आले असते. उजव्या हातात पेटी, डावा हात गुडघ्यावर, भागीदारांना 'बरं मग' म्हणून. माझ्या कामाच्या खोलीत, सातव्या मजल्यावर, खिडकीशी बसले असते. मी त्यांना खरं सांगितलं असतं तर ते आले असते. इतकंच नाही, आज जे बोलले ते त्यांनी एका काळ्या काचेला सांगितलं, हेही त्यांना कळलं असतं. मग आमच्या त्या खोलीत त्यांनी 'बरं' सोडून दुसरा शब्द काढला नसता. मी काढायला सांगितला असता तरी.

"काय म्हणतेस?"

"मनापासून होतं," मी म्हणाले. "मी बॅग द्यायलाच आले."

बाबांनी मान हलवली. वजन उचललं आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

"वाच."

"दहा."

वजन तिथेच. त्यांचा हात वजनावर. तोंड काट्याकडे.

"एक विचारू भिंगरे?"

"विचारा ना."

"ते आईचं सांगितलं मी तुला. तेव्हा तू फार एकटक बघत होतीस. श्वाससुद्धा घेत नव्हतीस. मला कळेना, बोलावं का पुढे. राग आला का तुला माझा?"

दुकानात भागीदार कुणाशी तरी फोनवर मोठ्यानं बोलत होते. शटरवर ऊन पडलं होतं. मी काट्याचा आकडा बघत राहिले. आईचं काय? आजारपणातलं? त्याआधीचं? मी जन्मायच्याही आधीचं? बाबांनी काय केलं होतं, की काय करायचं राहून गेलं होतं? एक शब्द जरी हाती लागला असता तरी त्यावरून मी अंदाज बांधला असता. अंदाज बांधण्याचंच तर काम करते मी. पण मी विचारलं असतं, तर ते विचारणंच उत्तर झालं असतं.

चार सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

"नाही," मी म्हणाले.

"खरं?"

"नाही आला राग, बाबा."

"मला वाटलं येईल," ते म्हणाले. "यायला हवा होता खरं तर." आणि बाहीनं त्यांनी काट्याचा पत्रा पुसला, जिथे काहीच लागलेलं नव्हतं. मग वजन शेवटच्या कोपऱ्यात ठेवलं. "वाच."

"नऊ किलो, नऊशे नव्वद."

"वाटलंच मला. या कोपऱ्यात गडबड आहे." त्यांनी पेटी ओढली, शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

*

पाच दहाच्या गाडीनं मी एकटी निघाले. भागीदार फलाटापर्यंत आले. बाबा नाही आले, काट्याची पट्टी उघडी पडली होती. डबा मी त्यांच्याकडेच ठेवला, अंडं आणि सफरचंदांसकट.

दादाला फोन केला. तो आधी ओरडला, मग म्हणाला, "आणि तू त्यांना उतरू दिलंस?"

"हो."

"कशाला पण?"

"त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले."

"काय म्हणाले ते? कारण काय दिलं?"

"ते तू त्यांनाच विचार," मी म्हणाले. "मला सांगितलंय, पण मी नाही सांगणार." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आता दादाशीही हे असंच निभवावं लागणार. दिवाणखान्यात, फोनवर, पुढची जितकी वर्षं असतील तितकी. बाबा मध्येच म्हणतील, 'तुला तर सांगितलंच आहे,' आणि मी हो म्हणेन.

जगात दोनच माणसांना ते माहीत आहे. एक माझे वडील. दुसरी ती लोकरवाली. ती पुढे कुठल्यातरी स्टेशनवर उतरली असेल, आणि मी तिचं नाव विचारलं नाही.

मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी पाठवला. नायिकेच्या त्या जागी मी शेवटी लिहिलं: (तिच्या तोंडून आवाज निघतो). तपासणाऱ्यानं परत पाठवलं. म्हणाला, असं चालत नाही, हसते की रडते ते ठरवा.

हेडसेटमध्ये एक सोय असते. समोरचं माणूस आपल्याकडे बघून बोलायला लागलं की पडदा त्या जागी विरळ होतो, कानातला आवाज उतरतो आणि पडद्यातून ते माणूस दिसायला लागतं. विकत घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ती बंद केली होती.